शेवटची जागा

मोबाइलवर आपला कबड्डी संघ निवडायचा आणि खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंना मिळतील ते गुण आपले, असा हा खेळ. माझ्या संघात एकाच चढाईपटूची जागा उरली होती. एक तरुण, सुसाट. दुसरा थोराड, गुडघ्याला पट्टी बांधलेला.

"अहो, पट्टीवाल्याला घ्या," मेथी निवडता निवडता बायको म्हणाली.

"गुडघा बघ त्याचा," म्हणत मी तरुणाला घेतलं.

संध्याकाळी सामन्यात पट्टीवाल्याला तिघांनी पाडलं. त्यांना अंगावर घेऊन तो तसाच सरपटला आणि त्याची बोटं मधल्या रेषेला टेकली. मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो.

"अहो, तो आपल्या संघात नाही!"

पारखताना आपण केवढे हिशोबी होतो, आणि जीव जडायला एवढंसं सरपटणं पुरतं. त्याचे गुण मला मिळणार नव्हते. तरी मनसोक्त टाळ्या वाजवूनच मी खाली बसलो.