धानावरचं औषध

खारीवर अन्याय झाला तो गेल्या वैशाखात, दुसऱ्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, नागपूरच्या नंदनवन वस्तीत, शीलाताईंच्या मागच्या अंगणात. वेळ आणि ठिकाण आधी लिहिते, कारण पत्रकं लिहिता लिहिता हाताला तीच सवय लागली आहे: कोणावर, कुठे, केव्हा, आणि मग मोठ्या ठशात, कोणी. त्या दिवशी पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. चौथ्याचंही होतं, आणि ते चुकीचं होतं.

वैशाखातल्या नागपूरचं ऊन आकाशातून येतं असं वाटतच नाही. ते भिंतींतून, गच्चीतून, नळाच्या पाण्यातून निघतं. घरोघरी कूलर घरघरत असतात आणि ओल्या वाळ्याचा तो गार, मातकट, किंचित हिरवा गंध पडद्यांमागून निर्मनुष्य गल्लीत झिरपत राहतो. मला लहानपणापासून हा वास म्हणजेच सुरक्षितता वाटत आली आहे. आता तो आला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, रॉकेलमध्ये लसूण कुजवावा तसा. मग मी कूलर बंद करते आणि घामाने भिजत बसते.

खारी शीलाताईंची कुत्री. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीसमोर पिल्लू असताना सापडली आणि रंगही तिथल्या खारी बिस्किटाचा, पाठीवर करपट सोनेरी, पोटाशी पांढुरका, म्हणून हे नाव. शीलाताईंचे यजमान हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जातात, कंपनीची बस भल्या पहाटे त्यांना घेऊन जाते. मागे राहतात शीलाताई आणि उन्हाळाभर त्यांचे सासरे. सासरे रामटेककडच्या एका खेड्यातले, दोन एकर धान करणारे. सगळी गल्ली त्यांना बाबाजी म्हणते. बायको गेल्यापासून चैत्र लागला की ते मुलाकडे येतात आणि मृगाच्या आधी परत जातात, आणि या मधल्या दिवसांत त्यांचं बोलणं मुख्यतः खारीशी चालतं. पावसाचं, बांधाचं, गुडघ्याचं, सगळं तिला सांगायचं. ताटातली पोळी अर्धी तिची. शीलाताई पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे तक्रार करायच्या, "पाय वं, मी करून राहिली यांच्यासाठी, अन् हे वाढून राहिले तिले. सून म्हणून तिलेच ठेवा म्हणा." बाबाजी ऐकू न आल्यासारखं करायचे आणि उरलेली अर्धीही मोडायचे.

मी बाजूच्या गल्लीत राहते. मुक्या जनावरांसाठी आम्ही चार-पाच जणी काम करतो, म्हणजे भांडतो, आणि भांडण कागदावर करायचं असेल तेव्हा कागद मी लिहिते. गेल्या उन्हाळ्यातलं पत्रक पिवळं होतं, एका पानाचं, सहा मुद्द्यांचं. मुद्दा एका ओळीत मावला पाहिजे हा माझा हट्ट. दुसऱ्या ओळीवर गेलेला मुद्दा कोणी वाचत नाही, असं मी नव्या मुलींना ठणकावून सांगत असे. तिसरा मुद्दा दुसऱ्या ओळीवर जात होता. मी त्यातले दोन शब्द काढले आणि तो मावला. "अंगावर गोचीड दिसल्यास विलंब न करता औषध लावावे." ओळ नेटकी दिसली म्हणून त्या वेळी झालेला आनंदही मला आठवतो.

बाबाजींच्या हातात ते पत्रक मीच दिलं. त्यांनी ते उन्हाकडे धरून, अक्षराखाली बोट फिरवत, मोठ्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच संकोच वाटला. त्यांच्या घरात अक्षर आलं ते धम्मदीक्षेनंतर, त्यांच्या वडिलांच्या हयातीत. त्या घरात छापील कागद पायाखाली येऊ देत नाहीत; किराण्याच्या पुडीचा असला तरी उचलून, हाताने सपाट करून कोनाड्यात ठेवतात. माझ्या पत्रकाची त्यांनी चौपदरी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात, चष्म्यामागे सरकवली. आपलं लिहिलेलं इतक्या आदराने कोणी ठेवावं, याचं मला अप्रूप वाटलं. आदर हा किती जड ऐवज असतो, हे तेव्हा कळलं नाही.

मंगळवारी सव्वा वाजता शीलाताईंचा फोन आला. खारीला कोणीतरी काहीतरी घातलं आहे, लवकर ये. मी डोक्यावर ओढणी गुंडाळून धावले. मागच्या अंगणात पाणी मारलेल्या फरशीवर खारी आडवी पडली होती. तोंडातून लाळेची तार लागलेली, आणि कातडीखाली बारीक बारीक काहीतरी धावत असावं तसं सगळं अंग थरथरत होतं. डोळे उघडे होते. पण त्यांतली बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, त्यामुळे ती आपल्याकडे पाहते आहे असं वाटत नव्हतं. बाबाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो लसणाचा, रॉकेलचा वास तिथे दाटून होता. कुंपणावरून कोणीतरी विष फेकलं, हे मी त्या क्षणी ठरवून टाकलं, आणि कोणी, हेही.

शेजारच्या घरातले कटरेकाका. खारीच्या भुंकण्याची लेखी तक्रार करणारे गल्लीतले एकमेव गृहस्थ. दोनदा आमची त्यावरून जुंपलेली. मी सरळ त्यांच्या फाटकापाशी गेले आणि त्यांना हाका मारून बाहेर बोलावलं, आणि जे तोंडाला येईल ते बोलले. मुका जीव, कायदा, पोलीस, सगळं. खरं सांगते, बोलताना माझ्या डोक्यात मथळा जुळत होता. कटरेकाका बनियनवर उभे होते, हातात गाडीची किल्ली. शीलाताईंची हाक त्यांनी माझ्याआधीच ऐकली होती. माझं संपायची वाट न पाहता ते म्हणाले, "भाषण मंग देजो. आधी कुत्रीले उचल."

त्यांच्या नव्या गाडीत पुढे शीलाताई बसल्या, मागे मी आणि बाबाजी; बाबाजींच्या मांडीवर खारी, पायाशी त्यांची कापडी पिशवी. वाटेत ती दोनदा ओकली, सीटवर. कटरेकाकांनी आरशातून पाहिलं आणि वेग वाढवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर उन्हात थरथरत होतं आणि माझ्या शेजारी तीही. तेव्हा बाबाजी हळूच बोलले. "औषध तं लावलं होतं वं आजच, तरी काहून अशी करून राहिली?"

मी म्हणाले, "चांगलं केलं, बाबाजी."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. गाडीत आम्ही चौघं होतो, चौघांनाही मराठी येत होती, आणि चौघांनीही तो शब्द ऐकून मनातल्या मनात बाजूला ठेवून दिला, कारण तो बरं करणाऱ्या गोष्टींच्या बाजूचा शब्द होता. संकट दुसरीकडून आलं असणार; औषधाकडून कसं येईल?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खारीच्या पाठीवरून हातमोजा फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि विचारलं, अंगाला काय लावलंय. बाबाजींचा चेहरा एकदम उजळला. निदान कोणीतरी योग्य प्रश्न विचारत होतं. त्यांनी पिशवीतून थंड पेयाची एक जुनी बाटली काढली. तिच्यावर सोललेल्या संत्र्याचं चित्र होतं आणि आत तळाशी चहासारखं काहीतरी. ती दोन्ही हातांनी पुढे करत ते म्हणाले, "हे. आणखी लागन तं घ्या, आहे यात."

कमी पडलं तर दुसऱ्यांदा लावता यावं, म्हणून त्यांनी ती सोबत आणली होती.

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. बाटली गेल्या वर्षी गावाहून आलेली, दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती म्हणून. मोठ्या डब्यातून थोडंसंच हवं होतं, ते या बाटलीत ओतून आणलं. डबा गोठ्यात राहिला आणि डब्यावरचं नावही. बाई नाव विचारत होत्या आणि बाबाजी एकच उत्तर देत होते, धानावरचं औषध. दुपारी खारीच्या कानामागे त्यांना गोचिडी दिसल्या. पिवळ्या कागदावर विलंब न करता असं होतं, म्हणून त्यांनी विलंब केला नाही. चटका बसू नये म्हणून ते तेलात कालवलं, आणि उघड्या हातांनी, कानांच्या आतून, पायांच्या बोटांच्या बेचक्यांतून, पोटावरून, सावकाश माखलं. तिने नेहमीसारखं अंग चाटून घेतलं. तेलाची चव तिला आवडायची.

"बाबाजी, हे विष आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते त्यांच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी चष्म्यामागून घडी काढली, उलगडली, आणि माझ्यासमोर धरली. आवाजात राग नव्हता. "कागदावर औषध लिहून होतं ना पोरी. मी औषधच लावलं."

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत दिसतं. हातमोजे घालून मी आणि कटरेकाका खारीला साबणाने धुतो आहोत, पाणी दुधाळ होऊन मोरीकडे जातं आहे. बाई सुई भरताहेत आणि म्हणताहेत की नाव कळलं असतं तर बरं झालं असतं, पण थांबण्यात अर्थ नाही. बाहेरच्या नळाखाली शीलाताई सासऱ्यांचे हात कोपरापर्यंत घासताहेत, कारण ते विष त्यांच्याही कातडीत उतरलं असणार, आणि घासता घासता त्यांना जे बोलताहेत ते आयुष्यात त्यांनी सासऱ्याला कधी ऐकवलं नसेल. बाबाजी लहान मुलासारखे हात पुढे करून उभे. त्यांना नंतर माणसांच्या दवाखान्यात नेलं, त्यांचं निभावलं. खारी साडेपाच वाजता गेली. बाहेर तेव्हाही लख्ख ऊन होतं.

ते काढलेले दोन शब्द मी अजून लिहिले नाहीत. लिहिते. "पशुवैद्याला विचारून." एवढेच होते.

पण ते शब्द असते तरी मी सुटले नसते, असं आता वाटतं. कारण वर्षानुवर्षं मीही तेच बोलत आले आहे. उंदराचं औषध, झुरळांचं औषध, ढेकणांचं औषध, फवारणीचं औषध. कृषी केंद्राच्या काउंटरवर आणि औषधांच्या दुकानात एकच शब्द मागायचा आणि एकाच विश्वासाने पिशवीत टाकायचा. शेतात कोणी ते प्यायलं तरी आपण म्हणतो, त्यानं औषध घेतलं. मृत्यूला इतकं सौम्य नाव देऊन ते घराघरांत, न्हाणीच्या फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी ठेवून देणारी आपण माणसं. कुत्र्याला तर अक्षरही येत नाही, ते नाकावर आणि आपल्या हातांवर विसंबतं. कटरेकाकांची माफी मागायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले की त्यांच्याही घरी मोरीवर तसलीच एक बाटली आहे, आणि तिच्यात काय आहे हे त्यांना आठवत नाही.

बाबाजी दुसऱ्या दिवसापासून रक्तदाबाच्या गोळ्या घेईनात. शीलाताई पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या, औषध घ्या म्हणायच्या, आणि ते मान फिरवायचे. "मले औषध नको." आठवडाभर हे चाललं. पाय सुजले, डोकं गरगरू लागलं. मग शीलाताईंना कधीतरी उमगलं आणि त्यांनी शब्द बदलला. गोळी घ्या म्हणाल्या, आणि त्यांनी घेतली. मृगाच्या बऱ्याच आधी ते गावी निघून गेले. जाताना मला म्हणाले की यंदा धानावर ते मारावं तर लागणारच, न मारून पोट कसं भरणार. पण दुकानात जाऊन काय मागू, ते मात्र सांग.

उरलेल्या पत्रकांवर मी तिसरा मुद्दा हाताने खोडला, एकेका प्रतीवर, आणि बाजूला दोन ओळी लिहिल्या. कुरूप दिसतात. वाचतात लोक.

आता तुमचं. तुम्हाला वाईट वाटलं असेल, ते मला नको आहे. तुमच्या घरात ती बाटली आहे. सज्ज्यावर, मोरीवर, जिन्याखाली, आणि तिच्यावर दुसऱ्याच कशाचं तरी चित्र आहे. हे पान मिटून आधी ती शोधा. त्या चित्रावर जाड अक्षरांत लिहा: विष. मूळ डबा असेल तर त्यावरचं नावही उतरवून घ्या, आणि ती कुलपात ठेवा. मग घरात जी सगळ्यांत म्हातारी व्यक्ती आहे, जी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते, तिला समोर बसवा आणि ते अक्षर तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. उद्या नको. आता उठा.