मीटरची चकती

नांदुऱ्यात आम्ही जुनं घर विकत घेतलं तेव्हा गल्लीत वीज येऊन दोनच वर्षं झाली होती. घरापेक्षा मला मीटरचं कौतुक जास्त. जुन्या मालकानं अनामत आगाऊ भरून ठेवली होती, आम्ही फक्त नाव बदलून घ्यायचं. पण आठवड्याभरातच त्या मीटरनं माझा जीव खाल्ला. भर दुपारी सगळी बटणं बंद, आणि आतली चकती आपली फिरतेच आहे! तिच्यावरची लाल खूण समोर यायची, जायची, परत यायची. पोळ्या लाटता लाटता मी पिठाच्या हातानं उठून बघायची. नवरा मलकापूरच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो म्हणे, "काऊन सारखी उठून राह्यली? बस ना एका जागी." कशाची बसते! माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी आमचं खात होतं, आणि कोण ते दिसत नव्हतं.

शेजारच्या चाचीची आणि आमची भिंत एक. बांगड्या भरायचा तिचा धंदा. आम्ही राहायला आलो त्या दिवशी चहाची किटली तिनंच आणून दिली होती. तिची वायर आमच्या टिनांवरून जायची, आणि दुकानाला खिडकी नसल्यानं बल्ब दुपारीही लागलेला असायचा. झालं! माझं डोकं फिरलं. दुकानात तीन बाया बसलेल्या असताना मी दारात उभी राहून म्हणाले, "चाची, तुमचा बल्ब आमच्या मीटरवर जळून राह्यला."

तिच्या हातातली बांगडी फुटली. "मी?" एवढंच म्हणाली ती.

दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून तिनं आपली वायर काढून घेतली. दुसरीकडून वायर येईपर्यंत ती कंदिलावर बांगड्या भरत होती. आणि आमची चकती? फिरतच होती. तेव्हाच मी जायला हवं होतं. कळलं होतं मला, खोटं कशाला बोलू! पण पाय उचलेना. पाणी आणायलासुद्धा मी मागच्या बोळातून जायला लागले.

संक्रांतीच्या तोंडावर दिराच्या शेतातली ज्वारी आली. माजघराच्या भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं, चांगलं पुरुषभर खोल, वर लाकडी झाकण. आम्ही ते कधी उघडलंच नव्हतं. नवऱ्यानं शिडी लावून झाकण उचललं आणि तसाच थांबला. "इकडे ये वं."

रिकाम्या बळदात बल्ब जळत होता. त्याचं बटणही आतच, झाकणाखाली.

घर विकून निघताना बळद अंधारात सोडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. आत पणती ठेवतात, तेल संपलं की ती विझते. जुन्या मालकानं वीज आहे म्हणून बल्ब लावून ठेवला होता. चार महिने!

मला रडूच फुटलं. तशीच चाचीकडे गेले. "चाची, चुकलं माझं. एकदा डोळ्यानं पाहा."

येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. शिडी चढून तिनं आत पाहिलं. ती उतरल्यावर मी वर चढून बटणाकडे हात नेला तशी म्हणाली, "थांब. रिकाम्या बळदात अंधार करू नको, पहिले सूपभर ज्वारी टाक. अन् त्या दिवशी माह्या दुकानात तिघी होत्या. त्याइले बोलावून आण."

तिन्ही दारांशी मी गेले. का बोलावते आहे, ते प्रत्येकीला माझ्याच तोंडानं सांगावं लागलं. तिघी येऊन मीटरसमोर उभ्या राहिल्या, चाची त्यांच्या मागे. मी शिडीवरून सूपभर ज्वारी ओतली आणि बटण बंद केलं.

"थांबली," खालून चाचीचा आवाज आला.

चहा ठेवते म्हटलं, तर दुकान उघडं आहे म्हणून ती निघून गेली. त्या संक्रांतीला मी नव्या बांगड्या भरल्या नाहीत. दुसऱ्या कुणाकडे जाववेना, आणि तिच्यापुढे हात करायची माझी छाती झाली नाही.