खोऱ्यातल्या शहरात गेलेली आई

निवृत्तीला काही वर्षे झाली, तरी एक मिसिंगची केस अजून मनातून जात नाही. त्या वेळी मी दक्षिण नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच मनीषनगरला राहणारा एक चाळिशीचा गृहस्थ आला. त्याची बासष्ट वर्षांची आई आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. घराणे उमरेडकडच्या विणकरांचे. वडील गेल्यावर त्याने गावातला माग मोडला आणि आईला आपल्या फ्लॅटवर आणले होते. आम्ही नोंद घेतली, फोटो सगळीकडे पाठवला, दवाखाने पाहिले. आईचा फोन घरीच पडलेला होता.

चौथ्या दिवशी निनावी फोन आला. आई बेपत्ता झाली त्या सकाळी सून सासूला स्कूटरवर बसवून घेऊन गेली, सासूच्या मांडीवर पिशवी होती, एवढे सांगून पलीकडच्याने फोन ठेवला. सुनेने तर जबाबात, आपण भाजीला गेलो तेव्हा सासू निघून गेली, असे लिहून दिले होते. बेपत्ता आईची मौद्याला दिलेली मुलगी ठाण्यात येऊन बसली. वहिनीनेच आईचे बरेवाईट केले, खुनाचा गुन्हा दाखल करा, हा तिचा आग्रह. वस्तीतही तीच चर्चा सुरू झाली.

मी सुनेला दुपारी बोलावले. महिला हवालदार सोबत होती. खोटे बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. ही बाई मोजकेच बोलत होती. स्कूटरवर नेले हे तिने लगेच कबूल केले. कुठे सोडले, यावर मान खाली. नणंद तुम्हाला खुनी म्हणते आहे, हे सांगितले, तरी तिने जागा सांगितली नाही. एक मात्र माझ्या लक्षात आले. मुलगी आईबद्दल ‘होती’ म्हणून बोलत होती. सासूच्या खाण्यापिण्याचे विचारले तेव्हा सून म्हणाली, ‘त्यांना तिखट चालत नाही’, जणू सासू कुठेतरी सुखरूप जेवते आहे.

मग मी औषधांचे विचारले. बीपीची गोळी रोज लागते, असे मुलगा म्हणाला, पण घरात एकही पाकीट सापडले नाही. हवालदाराने चौकातल्या औषधवाल्याकडे चौकशी केली. आई जाण्याच्या आदल्याच दिवशी सुनेने दोन महिन्यांच्या गोळ्या नेल्या होत्या. जिला संपवायचे, तिच्यासाठी कोणी दोन महिन्यांच्या गोळ्या घेत नाही. हे मी तिच्यासमोर मांडले, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

“पंधरा दिवस कोणाले सांगू नको म्हणाल्या. मी शब्द देला होता साहेब.”

तिने सासूला बसस्थानकावर सोडले होते आणि सासू सातपुड्यातल्या एका शहरात गेली होती. हद्द दुसऱ्या राज्याची, म्हणून वरिष्ठांची परवानगी काढली आणि मुलाला बरोबर घेऊन निघालो.

घाट उतरताना ते शहर एकदम दिसते. चारी बाजूंनी डोंगर आणि मधल्या खोऱ्यात घरेच घरे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका आरोपीच्या शोधात तिथे गेलो होतो. तेव्हा नदीकाठी एक बाजारपेठ आणि साग-बांबूचा डेपो, एवढेच गाव होते. आता कॉलेज, मोठा दवाखाना, उतारावर चढत गेलेल्या नव्या कॉलन्या. जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी हॉटेले उभी राहिली होती आणि त्यांना हातमागाचे कापड हवे होते. स्थानिक शिपायालाही नव्या गल्ल्यांची नावे सांगता येईनात. ज्याला विचारावे तो चार-पाच वर्षांपूर्वी कुठून तरी आलेला. कोण कुठली, एकटी काहून आली, असे कोणी कोणाला विचारतच नव्हते. शेवटी एका दूधवाल्याने हातमाग केंद्राचा रस्ता दाखवला.

जुन्या धर्मशाळेच्या पडवीत सहा माग लावले होते. मुलाची आई मधल्या मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होती, आणि दोन तरुण मुली तिचे हात पाहत उभ्या होत्या. तिने आम्हाला पाहिले, पण गाठ पक्की केल्याशिवाय उठली नाही. उमरेडच्या एका जुन्या शेजारणीने तिला इथल्या केंद्राची खबर दिली होती.

मुलगा खाली बसला. न सांगता काहून आलीस, एवढेच त्याला विचारता आले.

“सांगतलं होतं गा तुले,” ती म्हणाली. “तीनदा सांगतलं. तू म्हणे, आता आराम कर.”

आपल्यामागे सुनेवर खुनाचा संशय आला, हे तिला माहीत नव्हते. मी सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिने लगेच माझ्या फोनवरून सुनेला फोन लावला आणि तिचे सगळे ऐकून घेतले. मग आम्हाला जबाब दिला: स्वखुशीने आले, इथेच राहणार, दिवाळीला घरी येईन. खाली ठसठशीत सही केली. सज्ञान बाई, तिला आणण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. मुलानेही आग्रह धरला नाही. निघताना त्याने तिच्या खोलीचे छप्पर गळते का, एवढे पाहून घेतले.

नागपूरला आल्यावर मी नणंदेला ठाण्यात बोलावून जबाब वाचून दाखवला. वहिनी तिथेच बसली होती. माफीचा शब्द काही निघाला नाही, पण जाताना दोघी एकाच ऑटोत बसल्या.

मिसिंगच्या फॉर्ममध्ये आम्ही उंची, रंग, अंगावरचे कपडे, जन्मखुणा विचारतो. त्या केसनंतर तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: त्यांना काय करायला आवडते? फॉर्मात त्यासाठी रकाना नाही. समोरच्याला कपड्यांचा रंग लगेच आठवतो. या प्रश्नावर मात्र बहुतेक जण घरी फोन लावून विचारतात.