कागदात गुंडाळलेल्या तीन बॅटी

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी चार हजार रुपये घेऊन मी लेकीसोबत उल्हासनगरला बॅट घ्यायला गेलो. पुढच्याच रविवारी तिची अंबरनाथला निवड चाचणी होती, आणि दोन कंपन्यांपैकी कोणती बॅट घ्यावी हे आमचं ठरत नव्हतं.

दुकानामागे एक म्हातारा कारागीर रंधा मारत होता. त्याने त्या दोन्ही बॅटी आणि स्वतः घडवलेली बिनस्टिकरची तिसरी वर्तमानपत्रात गुंडाळली. "आता उचलून बघ, बेटा. पप्पा, तुम्ही गप बसा."

लेकीने तिसरी धरली ती सोडेना. त्याने लाकडी हातोडीने ती ठोकली, कान लावून ऐकलं. "हिला आवाज आहे. अठराशे. ठोकायचे तीनशे वेगळे. सहा तास ठोकल्याशिवाय लेदर बॉल खेळलीस तर चीर जाईल."

"मी ठोकते."

"हाताला फोड येतील."

"येऊ देत. रोज एक तास."

त्याने आपली जुनी हातोडी तिला दिली. "सिलेक्शन होवो न होवो, ही परत आण."

शनिवारी सहावा तास संपला. कारागिराला अठराशे पोचले होतेच. ठोकायचे तीनशे मी लेकीला दिले, फोड आलेल्या तळहातावर, जपून.