करमाडच्या आत्याचा मिशीवाला

आमची करमाडची आत्या रोज सकाळी फाट्यावर जाऊन एका परक्या जवानाला अंघोळ घालायची. परका हा शब्द तिचाच. गावाच्या, पंचायतीच्या आणि चौथऱ्यावरच्या पाटीच्या मते तो तिचा एकुलता एक मुलगा विष्णू होता, काश्मीरकडे बर्फात गस्तीवर असताना गेलेला. आत्या पाटी पुसायची, नावावरून बोट फिरवायची, मग वर पुतळ्याच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "नाव माझ्या इष्णूचं हाय. हा कोण हाय, मला म्हाईत नाय."

घोटाळा मिशीचा होता. विष्णू आणि मी बरोबरीचे. भरतीला जायच्या आधी त्याने महिनोन्‌महिने ओठावर एरंडेल चोळलं, तरी उन्हात धरल्याशिवाय दिसणार नाही एवढंच काय ते उगवलं. मला मिशी न मागता आली होती, पण पळायच्या चाचणीत मी पहिल्याच फेरीत मैदानाच्या कडेला बसलो. विष्णू बिनमिशीचा फौजेत गेला आणि मी मिशीसकट सरकारी कचेरीत. त्यात देशाचं काही नुकसान झालं नाही.

तो गेल्यावर गावाने फाट्यावर त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. मूर्तिकाराला मिळाला तो ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो. बाकीचं त्याने मनाने भरलं. रुंद जबडा, चढलेल्या भुवया आणि झुबकेदार मिशी. अनावरणाच्या दिवशी कापड बाजूला झालं, टाळ्या पडल्या. आत्या पुढे गेली, बराच वेळ बघत राहिली आणि शेजारी उभ्या असलेल्या सरपंचांना हळूच विचारलं, "आमचा कधी यायचा?"

दुसऱ्या दिवशी मी शहरातून, पुंडलिकनगरच्या घरून, तिची समजूत काढायला निघालो. समजूत काढणं हे माझं घराण्यातलं काम. लग्नात रुसलेले मामा, वाटणीवर अडलेले चुलते, सगळीकडे मला पुढे करतात. माझं बोलणं संपावं म्हणून माणसं कबूल होतात, असं आमच्या घरात म्हणतात. तर मी फाट्यावर उतरलो आणि बघतो तो काय, आत्या पदर खोचून, तांब्या आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन पुतळ्याचं तोंड धूत होती.

"आत्या, तुझा नाही म्हणतेस, मग धुतेस कशाला?"

"कुणाचा तरी असंल की. शेंद्र्याच्या कंपन्यांचे ट्रक दिवसभर धुरळा उडवत्यात, लेकरू पांढरं झालंय बघ. ह्याची माय लांब असंल कुठंतरी. ती येनार हाय का पुसाया?"

मी तयार करून आणलेलं भाषण तसंच घेऊन परत आलो.

तिथून पुढे ते रोजचंच झालं. धुता धुता ती त्याला बोलायची. कावळा डोक्यावर बसला तर कावळ्याला नाही, त्यालाच रागवायची, "हाकलाया काय झालं तुला?" दिवाळीच्या पहाटे उटणं लावायची. सगळ्यात शेवटी कान. दोन्ही कानांच्या मागे बोट घालून अशी रगडून पुसायची, की बघणाऱ्याचे कान दुखावेत. मला ते दुखणं ओळखीचं होतं. लहानपणी सुट्टीत ती विष्णूला आणि मला एकाच दगडावर बसवून घासायची आणि दोघांचे कान पिरगाळून म्हणायची, "मागं बघ किती माती हाय. ज्वारी पेरली तर उगवंल."

समारंभांचा तिला कंटाळा. शहरात झेंडावंदनाला बोलावणं यायचं, आणि गाडीवान म्हणून माझी नेमणूक. निवेदक मोठ्या आवाजात 'वीरमाता' म्हणाला की ती बसल्या जागेवरून सांगायची, "माझं नाव गयाबाई हाय." शाल घ्यायची, नारळ घ्यायची, परतीच्या वाटेवर शाल थंडीत कुडकुडणाऱ्या कुणाच्याही अंगावर टाकायची. नारळाची चटणी करायची. एकदा मी म्हणालो, अगं, सन्मानाची शाल आहे ती. "मग त्याला बी सन्मानानंच दिली की," म्हणाली.

अशाच एका कार्यक्रमात तिच्या शेजारच्या खुर्चीवर सोयगावकडच्या कौसाबाई बसल्या होत्या. त्यांचाही मुलगा सीमेवर गेलेला. बाईंनी हात जोडून "जय भीम" म्हटलं, आत्याने "रामराम" घातला आणि लगेच विचारलं, "तुमच्या गावात पोराचं काय केलंय का?" काही नव्हतं. करू म्हणाले होते, मग करू म्हणणारे बदलले. आत्याने पुढचं भाषण सुरू व्हायच्या आत त्यांचा हात धरला आणि मला म्हणाली, "बाळ्या, गाडी काढ."

करमाड फाट्यावर उतरून तिने कौसाबाईंना पुतळ्यासमोर उभं केलं. "बघा बरं, हा तुमचा हाय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौसाबाई मात्र नीट बघू लागल्या, बाजारात वस्तू पारखावी तशा.

"नाक नाय तसं," त्या म्हणाल्या. "कपाळ बी नाय." मग जरा पुढे वाकल्या. "मिशी... मिशी अशीच होती वो. पीळ भरायचा बसल्या बसल्या. मी लई शिव्या द्यायची."

आत्याने तांब्या आणि फडकं त्यांच्या हातात दिलं. "मग मिशी तुमची. पुसा." कौसाबाई मिशी पुसत राहिल्या. एसटी आली, थांबली, गेली. त्यांचा हात कानाकडे वळला तेव्हा आत्याने तो हलकेच धरला. "कान ऱ्हाऊ द्या. ते माझ्या इष्णूचे हायत. त्या मूर्तीवाल्याकडून चुकून बरोबर झालं."

मी इतकी वर्षं तो पुतळा बघत होतो. कान कसे आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाहेर आलेले, सुपासारखे. विष्णूचेच.

त्यानंतर कौसाबाई जमेल तेव्हा येऊ लागल्या. मला वाटलं, आत्या परक्या तोंडावर आणखी किती दिवस काढणार? गावाशी बोलून मी नव्या पुतळ्याचं जमवलं. माझ्याकडे विष्णूचा हसरा, मोठा फोटो होता, पहिल्या वेळी तो कुणी मागितलाच नव्हता. यावेळी मूर्तिकाराने मातीत हुबेहूब विष्णू उतरवला, बिनमिशीचा. त्याचा फोटो मोबाइलवर घेऊन मी आत्याकडे गेलो, ओवाळणी मिळेल अशा थाटात.

तिने बघितलं. गालाला हात लावायला गेली तर बोटाने फोटो सरकला आणि आमच्या कचेरीतल्या हुरडा पार्टीत मी कणीस खातानाचं ध्यान पुढे आलं. मी घाईने फोटो मागे आणून दिला.

"इष्णू हाय," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "आन् त्या मिशीवाल्याचं काय करनार?"

"पंचायतीच्या खोलीत ठेवू. नीट झाकून."

"एकदा गेलेल्याला पुन्यांदा घालवायचं व्हय?"

मी समजावायला तोंड उघडलं. नवा पुतळा, गावाची इच्छा, विष्णूचा मान. तिने ऐकून घेतलं. माझं बोलणं संपावं म्हणून कबूल होणाऱ्यांतली ती नव्हती.

"कौसाबाई आली तर काय सांगू? तुझा कुठं गेला म्हनून? माझ्या इष्णूचं तोंड मला ठावं हाय, बाळ्या. तिच्याकडं तेवढी मिशीच हाय."

नवा पुतळा झाला नाही. तो मोबाइलमधला फोटो मात्र तिने कागदावर काढून मागितला आणि देवापाशी न ठेवता चुलीजवळ, पिठाच्या डब्यामागे उभा केला. भाकरी थापताना समोर दिसावा म्हणून.

गेल्या थंडीत आत्या गेली. आजारी फारशी नव्हती. आदल्या दिवशीपर्यंत फाट्यावर जाऊन आली होती. दिवस पार पडले, पाहुणे गेले. सगळ्यांना सगळ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या मला तिच्याबद्दल चार वाक्यंही धड बोलता आली नाहीत. बायको म्हणाली, "आज तुम्ही बोललात तर कुणी थांबवणार नाही." तरी जमलं नाही.

विष्णूच्या स्मृतिदिनाला मी सकाळीच फाट्यावर गेलो. कौसाबाई माझ्या आधी, पहिल्या गाडीने आल्या होत्या. चौथरा ओला होता. कपाळ, नाक, जबडा, मिशी, पाटी, सगळं लख्ख झालं होतं. मला बघून त्यांनी फडकं पिळलं आणि माझ्यापुढे धरलं.

"कान ऱ्हायलेत," त्या म्हणाल्या. "ते तुमच्यातले. तुमी पुसा."

मी चौथऱ्यावर चढलो, माझ्या पोटाने जेवढं चढू दिलं तेवढा. उजव्या कानामागे बोट घातलं. आत्या गेल्यापासून तिथं कुणाचा हात लागला नव्हता. माती निघाली, चांगली दाट, काळी. ज्वारी उगवली असती.