पगारेकाका पाण्यात उतरतात

दुखणं दहापैकी किती, असं विचारलं की माझे बाकीचे पेशंट खरं सांगत, नाहीतर वाढवून सांगत. पगारेकाका घासाघीस करत.

"तुम्ही किती धरलंय?" ते आधी मलाच विचारायचे.

"काका, दुखतंय तुमचं. मी कसं धरणार?"

"तरी पण. अंदाजे."

"सात?"

"सात लय होतंय मॅडम. चारवर सोडा."

शेवटी सौदा पाचवर पटायचा. मी कार्डावर पाच लिहायची आणि काका कुशीवर वळताना ओठ असे दाबून धरायचे, की बघणाऱ्याने बेलाशक आठ लिहावेत.

पंचवटीत दिंडोरी नाक्यापाशी माझा फिजिओथेरपीचा दवाखाना नवाच होता. काका दिंडोरीहून एसटीने यायचे, दारातूनच सगळ्यांना "जयभीम" घालायचे आणि कमरेचा पट्टा सोडून कॉटवर आडवे व्हायचे. पहिल्या दिवशी कार्ड भरताना मी व्यवसाय विचारला. "पाणबुड्या," ते म्हणाले. मी मान वर करून पाहिलं. आमच्या नाशकात समुद्र नाही, ही गोष्ट मला तोवर पक्की ठाऊक होती.

पण माणूस खरंच पाणबुड्या होता. तरुणपणी मालवणला पर्यटकांच्या बोटीवर सिलेंडर उचलायचं काम करता करता ते स्कूबा शिकले आणि जुना संच विकत घेऊन गावी परतले. विहिरीत मोटर पडली, शेततळ्यात पंप बुडाला, की दिंडोरीपासून चांदवडपर्यंतचे बागायतदार त्यांनाच बोलावत. सिलेंडर भरून आणायला मात्र मुंबई गाठावी लागे. "कंडक्टर विचारतो, यात काय हाय? मी म्हणतो, हवा. तर म्हणतो, मग बाहेर काय हाय?" हा किस्सा त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल, आणि दहाही वेळा मी हसले.

एवढा पाण्यातला माणूस, पण त्याचा मणका मोडला तो घरात. दिवाळीच्या साफसफाईत ट्यूबलाइट पुसताना काका स्टुलावरून पडले. पुसायला सांगितलं होतं ताराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. ऑपरेशन टळलं, पण तीन महिने अंथरुणात गेले. काकू त्यांच्याबरोबर येत, बाकावर मेथी निवडत बसत आणि त्या स्टुलाचा विषय निघाला की मेथीकडे जास्तच लक्ष देत.

"आता पाण्यात जायचं नाय," हे त्यांचं एकच वाक्य.

"पाण्यानं काय केलंय?" काका पालथे पडल्या पडल्या म्हणायचे. "पाण्यात माणूस पडत नाय, तारा. पडायला जमीन लागती."

माझ्या व्यायामांचा त्यांना कंटाळा होता, पण श्वासाच्या बाबतीत आमचं एकमत होतं. पाय उचलताना पेशंट श्वास कोंडून धरतात आणि मी दिवसभर ओरडत असते. हे काम काकांनी परस्पर अंगावर घेतलं. "आजी, दम धरू नका. घेत राहा, सोडत राहा. खाली गेल्यावर दम धरला तर फुप्फुस फाटंल," असं त्यांनी शेजारच्या कॉटवरच्या जोशीआजींना सांगितलं. गुडघ्यासाठी आलेल्या आजी पुढचे दोन दिवस फिरकल्या नाहीत.

माझ्याकडे यायला लागल्यापासून नवव्या महिन्यात मणक्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पाण्यात उतरायची परवानगी दिली, पण अटीवर. जमिनीवर सिलेंडर उचलायचा नाही; तो दुसऱ्यांनी पाण्यात सोडायचा आणि काकांनी पाण्यातच पाठीवर चढवायचा. बाकी तयारी झाली की नाही, ते मी पाहून सांगायचं. मी चिठ्ठी लिहून दिली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. काही झालं तर त्या कागदावर सही माझी होती.

पहिलं काम दिंडोरीजवळच्या एका बागायतदाराकडे, निवृत्तीभाऊंकडे निघालं. त्यांच्या शेततळ्यावरचा पंप तराफ्यावरून सुटून तळाला गेला होता आणि बाग पाण्यावाचून खोळंबली होती. रविवारी मीही गेले. तळ्याच्या बांधावर निम्मं गाव जमलेलं. काकांची पाठ मोडल्याची बातमी सगळ्यांना होती, त्यामुळे जो तो मदतीला उतावीळ. काकू आल्या होत्या, पण बघणार नाही म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तळ्याकडे पाठ करून बसल्या.

शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर पाय ठरत नाही. म्हणून काका दोराच्या शिडीने उतरले, सिलेंडर पाठीवर घेतला आणि कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक निवृत्तीभाऊंच्या हातात दिलं. "एक हिसका म्हंजे मी बरा हाय. दोन म्हंजे दोर ढिला सोडा. तीन म्हंजे ओढा." एवढं सांगून ते बुडाले.

मिनिटाभरात दोराला एक हिसका बसला.

"ओढा!" निवृत्तीभाऊ ओरडले, आणि दहा जणांनी मिळून काकांना वर काढलं.

काकांनी तोंडातली नळी काढली. "अरे, बरा हाय म्हणून सांगितलं ना!"

"तेच ना काका," निवृत्तीभाऊ म्हणाले. "बरे हायेत तवरच काढलं."

वर यायचं ते सावकाश, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. काकांनी तो बांधावरच्या प्रत्येकाला ऐकवला, थोडा दम खाल्ला आणि पुन्हा खाली गेले. आता दोन हिसके बसले. दोर ढिला सोडायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. पण दोन म्हणजे तिसरा वाटेत असणार, असा कोणीतरी तर्क काढला आणि काका पुन्हा वर. तिसऱ्या वेळी हिसकाच येईना. पाण्यावर बुडबुडे नीट येत होते, ते मला दिसत होते. तरीही पुढचं "ओढा!" माझं होतं. हे सांगायची मला अजून लाज वाटते.

या वेळी काका रागावलेसुद्धा नाहीत. शिडीला धरून नुसते तरंगत राहिले. "राहू द्या," ते म्हणाले. "तुम्हांला मी आता पेशंटच दिसणार." नऊ महिन्यांत मी त्यांचा इतका बारीक आवाज ऐकला नव्हता.

काकू ट्रॉलीतून उतरल्या. पदर खोचत बांधावर आल्या आणि निवृत्तीभाऊंच्या हातातला दोर घेतला. "सोडा सगळ्यांनी." मग नवऱ्याला म्हणाल्या, "किती हिसक्याला काय, ते मला सांगा."

काकांनी तिन्ही खुणा पुन्हा सांगितल्या आणि ते खाली गेले.

एक हिसका आला. काकूंनी परत एक दिला. दोन आले, काकूंनी दोर ढिला सोडला. मग बराच वेळ काहीच नाही. "वहिनी, ओढा," मागून आवाज आला. "काकू..." मीही म्हणाले.

"त्यांनी सांगितलं नाय अजून," काकू म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

तीन हिसके आले तेव्हा काकूंनी एकटीने, सावकाश दोर ओढला. काका सोबत नेलेला दुसरा दोर पंपाला बांधूनच वर आले होते. मग गावाला हवं तेवढं ओढायला मिळालं. पंप वर आला, निवृत्तीभाऊंनी काकांना मिठी मारली आणि स्वतः भिजले. मी डॉक्टरी आवाज काढून विचारलं, "पाठ किती दुखतेय?"

"तुम्ही सांगाल ते," काका हसून म्हणाले. त्या दिवशी घासाघीस नव्हती.

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. मी फोन केला की काकू उचलतात आणि ते कुठल्या गावच्या विहिरीत आहेत ते सांगतात. त्या दिवशी परतताना मी त्यांना विचारलं होतं, "काकू, भीती नाही वाटली?"

"वाटली की. लय वाटली," त्या म्हणाल्या. "पण भीती माझी होती, मॅडम. दोर त्यांचा होता."

आता पेशंट पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा मी त्याच्याजवळच असते. हात मात्र स्वतःच्या पाठीमागे धरून ठेवते, तो आधार मागेपर्यंत.