मोटारखान्यातली गल्ली

जगात जे काही बिघडलं आहे ते केवळ वस्तू जागच्या जागी न ठेवल्यामुळं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, आमचे भावजी. हैदराबादेत वकिली करायचे आणि नल्लकुंट्याला राहायचे. गौलीगुड्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडं राहायला गेले, तेव्हा टांग्यातून ट्रंक उतरायच्या आत त्यांनी अक्काला विचारलं, "हिची जागा ठरवलीस का?" प्रवास कसा झाला, आई कशी आहे, हे सगळं ट्रंक मार्गी लागल्यावर. त्या घरात छत्रीची जागा ठरलेली होती, ओल्या छत्रीची वेगळी आणि पाहुण्यांच्या छत्रीची त्याहून वेगळी. एकदा अक्का माहेरी गेलेली पाहून त्यांनी तिचे मसाल्याचे डबे वर्णमालेप्रमाणं लावून ठेवले आणि आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं दाखवले. परत आल्यावर अक्कानं फक्त वरणात मीठ घालायचं सोडून दिलं. विचारलं तर म्हणायची, "'म'पर्यंत पोचायच्या आत वरण उतू जातंय, मी तरी काय करू?" डबे गुपचूप पहिल्या जागी गेले.

अशा माणसानं एक जुनी मोटार घेतली. दुसरा कुणी असता तर आधी चालवायला शिकला असता. भावजींनी आधी मोटारखाना बांधायला काढला, आणि मोटारखान्यात मांडणी कसली करायची या प्रश्नात ते इतके बुडाले, की मोटार आंगणात उभी आहे हेच विसरले. जादा चाक कुठं, पेट्रोलचे डबे कुठं, पुसायच्या चिंध्या कुठं, आणि शिवाय घरातली अडगळ कुठं, याची खलबतं रोज जेवताना व्हायची. अंबरपेठेतला सुतार सागवानी फळ्यांचे नमुने देऊन गेला. लोखंडाचा माणूस लोखंडाचे देऊन गेला. कुणी भिंतीत खुंट्या मारा म्हणालं, कुणी वरून शिंकी टांगा म्हणालं. भावजी हा मुकदमा स्वतःशीच चालवत. सागवानाच्या बाजूनं उभे राहून बोलत, मग पलीकडच्या खुर्चीत बसून वाळवीच्या मुद्द्यावर सागवानाची उलटतपासणी घेत, लोखंडाला गंजाच्या आरोपावरून फटकारत आणि शेवटी स्वतःच न्यायाधीश होऊन पुढची तारीख देत. अक्का आतून ओरडायची, "अहो, न्यायाधीशांना म्हणावं पानं वाढलीत!"

अखेर फैसला शहाबादी फरशीच्या बाजूनं लागला. तिला वाळवी नाही, गंज नाही, आणि एकदा भिंतीत बसवली की कुणाच्या बापाला हलवता येत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींत आणि समोरच्या भिंतीत फरश्या बसवून कप्पे तयार झाले. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. तोवर भावजी जेमतेम चालवायला शिकले होते. मुहूर्तावर ते शेरवानी घालून मोटारीत बसले, आम्ही ओवाळलं आणि मोटार डौलात आत गेली. ती अगदी बेताची मावली. भावजींनी मोटारीचं माप दहादा घेतलं होतं, पण दारं लावून. मोटारीची दारं उघडतातही, आणि ती उघडल्याशिवाय माणूस बाहेर येत नाही, हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. दोन्हीकडं दार फरशीला टेकून बोटभर उघडायचं आणि थांबायचं. त्यात मोटार बंद पडली. हँडल मारायचं पुढून, आणि पुढं जायला मुंगीला वाट नव्हती. मागच्या छोट्या काचेतून भावजींची टोपी तेवढी दिसत होती.

"अहो, खिडकीतनं या की!" अक्का म्हणाली.

"वकील खिडकीतून उतरत नसतो," आतून धीरगंभीर आवाज आला. खरं कारण त्यांचं पोट होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

गल्ली तोवर जमलीच होती. आमची गल्ली एका बाजूनं बंद होती. तोंडाशी उभं राहिलं की अगदी समोर, टोकाला, खाँसाहेबांचं घर दिसे. खाँसाहेब फारसीचे निवृत्त मास्तर, एकटे, विधुर. तोंडात सदा पान आणि हाताशी पितळी उगालदान. आमच्याकडं गप्पांना आले तरी थुंकायचं ते भांडं बरोबर घेऊन येत, आणि अक्काचा सगळा सोवळेपणा त्या भांड्यावर तुटून पडे. त्या दिवशी खाँसाहेबांनी उगालदान बाजूला ठेवलं, विहिरीचा दोर मागवला, आणि मोटारीला मागून बांधून सगळ्या गल्लीकडून ती ओढवली. भावजी बाहेर येताच खाँसाहेब म्हणाले, "वाह वकीलसाब! मोटारखाने में सब चीज की जगह है. सिर्फ मोटार की नक्को बोले!"

फरश्या कापायला भावजी तयार होईनात. मोटार आंगणातल्या जांभळाखाली राहिली आणि मोटारखाना रिकामा. पुढं हिंदुस्थान स्वतंत्र झाला. आमचं संस्थान मात्र ना इकडं ना तिकडं. पेट्रोल मिळेनासं झालं. खाँसाहेबांच्या कोंबड्या मोटारीच्या मागच्या बैठकीवर अंडी घालायला लागल्या आणि भावजी ती अंडी रुमालात घेऊन त्यांना नेऊन देऊ लागले. अक्काच्या स्वैपाकघरासमोरून जाताना तेवढं ते तोंड फिरवून चालत. पण शहराची हवा दिवसेंदिवस बिघडत गेली, आणि मग हसण्यासारखं फारसं उरलं नाही. गल्लीतली माणसं बायकामुलं घेऊन सोलापूरला, नागपूरला, बेझवाड्याला निघाली. संसार बरोबर नेता येत नव्हता. शेजारचे तेलुगू मास्तर चाचरत म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या मोटारखान्यात थोडी जागा..."

'जागा' हा शब्द भावजींसमोर असा कुणी चाचरत उच्चारू नये. त्या दिवसापासून माणूस उजळून निघाला. ज्याचं घर गल्लीत जिथं, त्याचा कप्पा मोटारखान्यात तिथं. डावीकडची घरं डाव्या भिंतीला, उजवीकडची उजव्या. मास्तरांच्या बायकोच्या आवकाय लोणच्याच्या बरण्या, पलीकडच्यांचा तंबोरा, कोपऱ्यावरच्यांचा भलामोठा देव्हारा, सगळं आपापल्या घरी. समोरच्या भिंतीचा, गल्लीच्या टोकाचा कप्पा त्यांनी रिकामा ठेवला.

"हमारा घर खालीच रखे क्या, वकीलसाब?" खाँसाहेबांनी विचारलं.

"आप कहां जाने वाले हैं? गल्ली में आपकी जगह है, तो यहां भी है, बस."

"हौ, हम कां जाते!" खाँसाहेब उगालदान उचलत म्हणाले.

आमच्या घराचाही कप्पा रिकामाच होता, आणि त्यावरून रोज लढाई. अक्काला जीव नकोसा झाला होता. सोलापूरहून भावाचे निरोप येत होते. ती ट्रंक भरून आमच्या कप्प्यात ठेवायची आणि भावजी ती उचलून खोलीत आणायचे. "आपण घरात आहोत ना? मग ट्रंक घरातच."

"लोकांच्या बरण्यांपायी मरायचं का आपण?" एकदा ती रडतच म्हणाली.

"लोक परत यायचे आहेत," भावजी म्हणाले. "आले आणि सामान नसलं, तर परत आले असं त्यांना वाटेल का?" त्यानंतर ट्रंक मोटारखान्यात गेली नाही.

एक दिवस भरदुपारी काठ्या घेतलेलं टोळकं गल्लीत शिरलं. भावजी कचेरीत होते. घरात मी आणि अक्का. खिडकीच्या फटीतून मी पाहिलं, तर मोटारखान्याच्या दारात खुर्ची टाकून खाँसाहेब बसलेले, शेजारी उगालदान. "यहां सब मेरा सामान है," ते शांतपणे म्हणाले. एकानं आत डोकावून देव्हाऱ्याकडं बोट दाखवलं, "ये मंदिर बी आपका?" खाँसाहेबांनी सावकाश उगालदान उचललं, त्यात पिंक टाकली आणि म्हणाले, "हौ. शौक है. तुमको कायकी परेशानी?" टोळकं गेलं. अक्कानं त्या दिवशी खाँसाहेबांना खुर्चीवरच चहा नेऊन दिला, आणि उगालदानाला पाय लागला तरी आंघोळ केली नाही.

पोलीस ॲक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात आलं आणि वारं फिरलं. आता लोक खाँसाहेबांच्या दाराकडं बघून कुजबुजायला लागले. भावजींनी तीच खुर्ची उचलली आणि कोर्टाची वेळ सोडून उरलेला सगळा वेळ खाँसाहेबांच्या दारात बसायला सुरुवात केली. पान खायचे नाहीत, म्हणून नुसतेच बसायचे. हळूहळू माणसं परत आली. एकेक घर उघडलं आणि एकेक कप्पा रिकामा झाला. मास्तरांच्या बायकोनं बरण्या हुंगून पाहिल्या आणि म्हणाली, माझ्या घरी असत्या तर लोणचं इतकं टिकलं नसतं. भावजींना एवढं लाजलेलं मी कधी पाहिलं नाही.

सगळ्या भिंती रिकाम्या झाल्या, तेव्हा खाँसाहेब आले. लेक कराचीला होती, तिनं फारच आग्रह धरला होता. हातात पानदान, मागून हमालाच्या डोक्यावर बेगमचं शिवणाचं यंत्र, आणि काखेत उगालदान. "थोड़े दिन की बात है, वकीलसाब." समोरच्या भिंतीचा कप्पा अक्कानं पुसला, स्वतःच्या पदरानं. मग तिनं हात पुढं केला आणि ते उगालदान त्यांच्याकडून घेऊन जागेवर ठेवलं.

खाँसाहेब परत आले नाहीत. पुढं अनेक वर्षांनी अक्काच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, नवी मोटार घेतली तेव्हा मोटारखाना मोकळा करायचं ठरलं. दोन्ही बाजूंच्या फरश्या काढायला भावजींनी हसत परवानगी दिली. समोरच्या कप्प्याला गवंड्यानं हात लावला तसे ते काठी टेकत उठून उभे राहिले.

"बाबा, आता काय यायचेत ते?" भाचा म्हणाला.

"आणि आलेच, तर थुंकतील कुठं?" भावजी म्हणाले.

कप्पा राहिला, आणि त्याच्यामुळं ही नवी लांब मोटार पुरती आत जात नाही. मोटारखान्याचं दार लागत नाही, मोटारीचा मागचा भाग पावसात भिजतो. भावजी गेले, अक्काही गेली. गेल्या दिवाळीत मी गेले होते, तेव्हा सूनबाई आंगणात बसून चिंचेनं पितळेची भांडी घासत होती. देवाची समई होती, पळी-पंचपात्र होतं, आणि त्यांच्यातच ते उगालदान. मी विचारलं, "हे कुणाचं, माहीत आहे का गं?" ती म्हणाली, "समोरच्यांचं आहे, मावशी. सासूबाईंनी सांगितलं होतं, ते आले की लागेल म्हणून." मग तिनं ते धुवून पुसलं आणि मोटारखान्यात नेऊन जागेवर ठेवलं.